निरोप समारंभ पुरे झाले आता!

आपल्या लोकांना निरोप द्यायला फार आवडतं. एखादी गोष्ट चालू असताना तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, पण ती बंद होणार अशी बातमी आली की लगेच हार, नारळ, फोटो आणि 'एका युगाचा अंत' वगैरे मथळे. आठवून बघा, २०२३ साली मुंबईत दोन महिन्यांत असे दोन निरोप झाले. १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी डिझेलवरची डबलडेकर शेवटची धावली. आणि ३० ऑक्टोबरपासून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावरून गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती, मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षं, संपला हिशोब. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने मागणी केली होती की निदान एक तरी गाडी संग्रहालयात जपून ठेवा. म्हणजे बघा, जी गाडी ह्या शहराने १९६४ पासून (तेव्हा तिचं नाव फियाट ११०० डिलाइट) जवळजवळ साठ वर्षं राबवली, तिचा एक नग ठेवा म्हणून विनंती करावी लागते! फोटो मात्र सगळ्यांनी काढले.

तर मंडळी, ही निरोपाची साथ आता आमच्या मुळशीत आली आहे.

आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. मेळा हा जरा मोठाच शब्द झाला. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला एका हॉटेलच्या अंगणात सात वाजता गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायचं, एकमेकांच्या इंजिनात डोकं घालायचं, कांदेपोहे खायचे आणि ऊन चढायच्या आत घरी. माझ्या नोकरीच्याच काय, माझ्या इंजिनिअरिंगच्याही आधीपासून हे चालू आहे. पद्मिनी असायच्या, अँबॅसेडर असायच्या, एक स्टँडर्ड हेरल्ड, एका शेतकऱ्याची महिंद्राची जुनी जीप आणि कडेला दोन-चार चेतक. चांगल्या दिवसात वीसेक गाड्या, हल्ली पाच-सहा. आता पुढच्या महिन्यात हे कायमचं बंद होतंय. आणि ग्रुपवर मेसेज आलाय... ग्रँड फेअरवेल! ड्रोनने शूटिंग, छापील टी-शर्ट आणि गाडीच्या आकाराचा केक.

हा लेख त्या केकच्या विरोधात आहे.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडंसं. मुळशी म्हटलं की लोकांना एकतर पावसाळी ट्रिप आठवते नाहीतर २०१८ चा तो सिनेमा. पण हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते. म्हणजे आयटी पार्कात बसून कोड पाडणारे आपण सगळे कामापुरते तरी मुळशीकरच. आणि हा पट्टा पुणे-पिंपरी-चिंचवडला खेटून आहे, जिथे टाटांचे ट्रक बनले, आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनल्या, जिथे गाड्या तपासणारी एआरएआय १९६६ पासून आहे. गाड्या बनवणं हेच ज्या गावाचं पोट, त्या गावाला जुन्या गाड्यांचा एक बिनखर्चाचा मेळा टिकवता येऊ नये?

मेळा बंद का होतोय, तर प्रत्येकाकडे वेगळं उत्तर आहे. एक एक घेऊ.

पहिलं उत्तर, रस्ता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन पुलांचं उद्घाटन झालं. चौक मोकळा झाला, कोंडी मात्र भूगाव-पिरंगुटकडे सरकली असा आमचा तरी अनुभव आहे. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणं नव्या गाडीला चालतं, कारण पुढे बसलेल्याला एसी असतो. पद्मिनीचं इंजिन मात्र तापतं, आणि मग बोनेट उघडून कडेला उभं राहायचं. हे कारण खरं आहे. पण त्यासाठी मेळा बंद करायची गरज नाही, सहाला निघालं की झालं. म्हातारी माणसं चारला उठून तयार असतात, उशीर आपल्या पिढीकडून होतो!

दुसरं उत्तर, कायदा. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण 'सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केलेत की' असं म्हणणारे बरेच भेटतात. नियम केलेत, १५ जुलै २०२१ ला. पण वाचलेत का? पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी म्हणजे विंटेज. तिला 'व्हीए' अक्षरं असलेला वेगळा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. (आता पोहे खायला जाणं हे प्रदर्शनात धरायचं की देखभालीत, हे कोणीतरी आरटीओत विचारून सांगा.)

बरं, नियम वाईट नाही. पण खासगी गाडीची पहिली नोंदणी चालते १५ वर्षं. विंटेज होणार पन्नासाव्या वर्षी. मधली ३५ वर्षं तिने करायचं काय? माझ्याकडे आजोबांची १९८९ ची पद्मिनी आहे. ती २००४ ला 'जुनी' झाली आणि २०३९ ला 'वारसा' होईल. तोवर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. फेरनोंदणीचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. म्हणजे धोरणाचा मथितार्थ असा, की गाडी जपायची असेल तर ती आधी ३५ वर्षं स्वतःच्या जिवावर जगवा, तेवढं करून उरली तर आम्ही तिला मान देऊ. पद्मिनी हे नाव आलं १९७४ साली, शेवटच्या पद्मिनी निघाल्या २००० च्या आसपास. त्या शेवटच्या गाड्यांना विंटेज व्हायला २०५० उजाडेल. आपल्या पुण्यात बनलेली पहिली इंडिका १९९८ ची. तिला २०४८ पर्यंत थांबायचंय. रस्त्यावर किती इंडिका चांगल्या स्थितीत दिसतात हल्ली? ज्यांनी कॉलेजात मित्राच्या इंडिकातून गोव्याला चकरा मारल्या, त्यांनी जरा शेवटची कधी बघितली ते आठवावं.

जर्मनीत ३० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या, तपासून घेतलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. ब्रिटनमध्ये ४० वर्षांची सीमा आहे. हे दोन्ही देश प्रदूषणाबाबत आपल्यापेक्षा ढिले आहेत असं कोणी म्हणणार नाही.

आता प्रदूषणाचा मुद्दा, कारण तो कोणीतरी काढणारच, आणि काढायलाच हवा. पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. दर किलोमीटरला ती आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण सोडते. हे नाकारणारा क्लासिकवाला मला भेटला की मी त्याच्याशीही भांडतो. म्हणूनच दिवसभर शहरात फिरणाऱ्या टॅक्सीला वयाची मर्यादा हवी, आणि काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून गेली ते बरोबरच झालं. पण हिशोब किलोमीटरने करायचा की जन्मतारखेने? कोथरूडहून धरणापर्यंत जाऊन येऊन ऐंशीएक किलोमीटर धरा. वर्षाचे बारा रविवार म्हणजे हजाराच्याही आत. ऑफिसला रोज ४० किलोमीटर करणारी नवी एसयूव्ही २४० दिवसांत ९,६०० करते, आणि बहुतेक वेळा आत एकटा माणूस असतो. तपासा ना आमच्या गाड्या दरवर्षी. नळीतून काय बाहेर येतं ते मोजा. वर्षाला किती फिरायचं त्याची मर्यादा घाला. आम्ही कुठे नाही म्हणतोय? पण जन्मतारीख बघून निकाल लावणं ही तपासणी नव्हे, तो आळस आहे.

असो. रस्ता आणि कायदा ह्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मेळा बंद पडण्याचं तिसरं कारण मात्र आपल्या पदरात येतं, आणि मला वाटतं तेच खरं आहे. ते म्हणजे गॅरेजवाले काका थकले.

आमच्या सगळ्या गाड्या ज्यांच्या जिवावर चालल्या, ते एक मेकॅनिक आता सत्तरी पार आहेत. डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून, कान लावून टायमिंग जमवणारा माणूस. पॉइंट घासून गॅप कसा बसवायचा, कार्बोरेटरचं कुठलं जेट कधी तुंबतं, स्टिअरिंगच्या शेजारचा गिअर अडकायला लागला तर दोष दांड्यांमध्ये की खाली गिअरबॉक्समध्ये, हे सगळं त्यांच्या हातात आणि डोक्यात. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते, कुठला भाग आधी जाईल हेही त्यांनाच कळतं. त्यांची मुलं ह्या धंद्यात नाहीत. का असावीत? आपण त्यांना दिलं काय? एका कार्बोरेटरच्या सर्व्हिसिंगला आपण शंभर-दोनशेची घासाघीस केली, आणि तेवढेच पैसे कॉफीच्या एका कपावर घालवले.

आणि गंमत बघा, हे सगळं घडतंय कोणाच्या समोर? आपल्या! ज्यांच्या धंद्यात एक माणूस प्रोजेक्ट सोडून चालला की महिनाभर 'केटी' चालते त्या आपल्यासमोर. नॉलेज ट्रान्सफरशिवाय कोणाला रिलीज मिळत नाही. विशीतल्या पोराने लिहिलेल्या दोन मॉड्यूलसाठी आपण कागदपत्रं, रेकॉर्डिंग, हँडओव्हर मीटिंग मागतो. आणि चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव असलेला माणूस चालला, तर आपण त्याला काय देणार? शाल, श्रीफळ आणि केकचा तुकडा.

निरोप समारंभाचा तोटा हा आहे. त्यात सगळ्यांना आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. डोळे पाणावतात, स्टेटस लागतं, आणि सोमवारी जबाबदारी संपलेली असते. ज्या मेळ्याला गेल्या दोन वर्षांत पाच गाड्या येत होत्या, त्याच्या निरोपाला चाळीस जणांनी येतो म्हणून कळवलंय. अरे, हेच चाळीस जण अधूनमधून एका रविवारी आले असते तर निरोपच लागला नसता!

नुसती टीका करून थांबणं मला पटत नाही, म्हणून जे मी ग्रुपवर लिहिलं तेच इथे लिहितो.

केक, ड्रोन आणि टी-शर्टचे पैसे गोळा करा आणि काकांच्या गॅरेजला द्या, देणगी म्हणून नाही, फी म्हणून. वर्षभर महिन्यातला एक रविवार आपण त्यांच्याकडे शिकायला जायचं. बॉनेट एक, शिकणारे चार, चित्रण करणारा एक, मराठीत लिहून घेणारा एक. एक गाडी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडायची. परिसरातल्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकची दोन मुलं घ्यायची आणि त्यांना त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यायचा. जे लिहून होईल ते सगळ्यांना फुकट.

दुसरं, केंद्राकडे एक साधी मागणी. ३० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या मोटारींसाठी मधला वर्ग करा. किलोमीटरची मर्यादा घाला, वार्षिक तपासणी घाला, शुल्क परवडेल असं ठेवा. अर्ज मी लिहितो, सह्या तुम्ही द्या.

तिसरं, ज्या कंपन्यांनी ह्या गाड्या आपल्या पुण्या-पिंपरीत बनवल्या, त्यांनी प्रत्येक मॉडेलची एक तरी गाडी चालू स्थितीत ठेवावी आणि वर्षातून एकदा रस्त्यावर आणावी. काचेच्या मागे ठेवलेली नको. स्टार्टर मारल्यावर आवाज आला पाहिजे.

एवढं करूनही मेळा बंद पडला तर पडू दे. पण आधी हे करून बघू. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी गॅरेजवर असेन. वही आणि पेन घेऊन या, जुना शर्ट घाला. आणि पोह्यांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, नेहमीप्रमाणे.