बेसवादकाची मंचावरची जागा

बेसगिटार वाजवणाऱ्याची मंचावरची ठरलेली जागा ड्रमरच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडझांजेच्या, बाजूला, त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर असते. ड्रमर उजव्या हाताने वाजवणारा असेल तर हाय-हॅट त्याच्या डाव्या हाताला येते, म्हणून प्रेक्षकांना बेसवादक ड्रमच्या उजवीकडे दिसतो. रॉक, पॉप, फंक अशा अनेक प्रकारांत हा प्रघात रुळलेला आहे. त्याविरुद्ध जी मते मांडली जातात त्यांपैकी काही प्रतिष्ठेच्या कल्पनेतून आलेली आहेत, काही ध्वनिशास्त्राच्या अर्धवट माहितीतून, आणि एक नव्या उपकरणांच्या भरवशावर उभे आहे. ती तपासून पाहिली की प्रघातामागचे कारण उघड होते, आणि तो कुठे मोडावा हेही कळते.

सर्वांत ठामपणे सांगितले जाणारे मत लाटेच्या लांबीचे आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार, ई, 41.2 हर्ट्झला वाजते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला तर या स्वराची तरंगलांबी 8 मीटरपेक्षा थोडी जास्त भरते. त्यावरून असे सांगितले जाते की लाट 'पूर्ण व्हायला' आठ मीटर लागतात, स्पीकरच्या कॅबिनेटजवळ उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही, म्हणून त्याने कॅबिनेटपासून दूर, मंचाच्या पुढच्या काठाशी यावे. हे साफ चूक आहे. कान लाटेची लांबी मोजत नाही. कानाच्या पडद्यावर हवेचा दाब किती झपाट्याने कमीजास्त होतो तेवढेच त्याला कळते, आणि हा बदल लाटेच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी घडत असतो. हेडफोनमधला स्पीकर कानाला जवळजवळ टेकलेला असतो, तरी त्यातून हाच ई स्वर स्वच्छ ऐकू येतो.

वादकांची तक्रार मात्र खरी असते. चुकते ते निदान. बेसचा स्वर ओळखू येतो तो बराचसा त्याच्या वरच्या आणि मधल्या पट्टीतील अंशांमुळे. हे अंश स्पीकरमधून सरळ समोर जातात आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवलेले असले तर वादकाच्या गुडघ्यांवर आदळतात. खालचा भाग सगळीकडे पसरतो, पण कमी कंप्रतेला माणसाचा कान मुळातच मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले. त्यातच कॅबिनेट मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट 86 हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला उलटी भेटते आणि डी तारेवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटचे स्वर पोकळ होतात. उपाय अगदी साधे आहेत. कॅबिनेट भिंतीला लावावे, खोक्यावर चढवावे किंवा मागे कलते करावे, म्हणजे मधली पट्टी गुडघ्यांऐवजी कानापर्यंत पोचते. ड्रमरपासून लांब जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरे मत ऐकणाऱ्याच्या नावाने मांडले जाते: खालचा स्वर मंचाच्या मधोमधून आला नाही तर तोल बिघडतो, म्हणून बेसवादक मध्यभागी हवा. पण सुमारे 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही. घरातला सबवूफर कोपऱ्यात ठेवूनही चालतो तो यामुळेच. शिवाय मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांना ऐकू येतो तो बहुतांशी मुख्य ध्वनियंत्रणेतला बेस, आणि ध्वनिसंयोजक तो दोन्ही बाजूंना सारखाच सोडतो. या मताला पूर्वी थोडा तरी आधार होता. 1969 मध्ये अँपेगने 300 वॉटचा एसव्हीटी अ‍ॅम्प आणला आणि रोलिंग स्टोन्सने तो त्याच वर्षीच्या दौऱ्यावर नेला, तेव्हा सभागृह भरून टाकण्याचे काम मंचावरच्या अ‍ॅम्पकडेच होते. आठ स्पीकरचे ते अवजड कपाट जिथे मावेल तिथे वादकाला उभे राहावे लागे. आता हे काम मुख्य यंत्रणा करते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी बेसवादकाला कुठेही बांधून ठेवण्याचे कारण उरलेले नाही, आणि निर्णय वादकांच्या सोयीवरच व्हायला हवा.

तिसरे मत हे मत कमी आणि सवय जास्त. बेस म्हणजे साथ, साथीदार मागे, म्हणून बेसवादकाने ड्रमच्या ओळीत किंवा त्याच्याही मागे अंधारात उभे राहावे. या सवयीची मुळे डबल बेसच्या काळात आहेत. माणसापेक्षा उंच ते वाद्य पुढे आणले तर इतरांना झाकून टाकी. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि ती अडचण संपली, तरी सवय राहिली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचे नाव 1971 पर्यंत कंपनीच्या तबकड्यांच्या वेष्टनावर आले नव्हते, हे उदाहरण बेसवादकाच्या दुय्यमपणाचा पुरावा म्हणून दिले जाते. पण त्या स्टुडिओतल्या बाकीच्या वादकांचीही तीच गत होती. तो कंपनीचा हिशेब होता, संगीताचा नव्हे. ड्रमच्या मागे उभे राहणाऱ्याला ड्रमरची पाठ दिसते आणि गायकाची मान. गायकाने कडवे पुन्हा घ्यायचे ठरवले, गिटारवाल्याने सोलो लांबवला, तर ते ज्याला सर्वांत आधी कळायला हवे त्यालाच ते सर्वांत उशिरा कळते. सुरावटीखालचा मूळ स्वर बेसच्या हातात असतो. तो चुकला तर वरचे बरोबर वाजलेलेही चुकीचे वाटते.

याच्या अगदी उलट टोकाचे मत नामवंतांची यादी पुढे करते. मोटरहेडचा लेमी मध्यभागी, पोलिसचा स्टिंग मध्यभागी, थिन लिझीचा फिल लिनॉट मध्यभागी, आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस तर मंचाच्या काठावर मॉनिटरवर पाय ठेवून. मग इतरांनी का नाही? यादी खरी आहे, तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. पहिले तिघे मुख्य गायक होते, म्हणून गायकाच्या माइकजवळ उभे राहत. त्यातही लेमी आणि स्टिंग यांचे बँड बहुतेक काळ तिघांचेच. तिघांच्या बँडमध्ये मध्यभाग म्हणजे ड्रमच्या थेट पुढची जागा, आणि तिथून एक पाऊल हाय-हॅटकडे सरकले की प्रघाताची जागा येते. हॅरिसचे प्रकरण वेगळे आहे. 1975 मध्ये त्याने स्वतः बँड उभा केला, त्यातली पुष्कळ गाणी त्याचीच आहेत, आणि वर्षानुवर्षे तीच वाजवलेला माणूस मंचावर कुठेही धावू शकतो. तिसऱ्या कार्यक्रमाला निघालेल्या महाविद्यालयीन बँडने त्याच्याकडून उचलावे असे पुष्कळ आहे. उभे राहण्याची जागा त्यात येत नाही.

आजचे सर्वांत गंभीर मत कानातल्या मॉनिटरचे आहे. प्रत्येकाच्या कानात हवे तसे मिश्रण तारेतून किंवा बिनतारी थेट येते, मग ड्रम दोन मीटरवर असोत की वीस, काय फरक पडतो? ऐकण्यापुरते हे मान्य करावे लागते. हवेतून आवाज मीटरमागे जवळपास 3 मिलिसेकंद घेतो. 12 मीटर रुंद मंचाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या वादकांत 35 मिलिसेकंदांचे अंतर पडते. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे त्याच्या चतुर्थांशाहून जास्त वेळ वाटेतच जातो. किक (बास ड्रम) आणि बेस एकाच क्षणी पडायला हवेत अशा संगीतात एवढी फट साध्या श्रोत्यालाही 'काहीतरी सैल आहे' एवढी जाणवते. कानातले मॉनिटर ही फट बुजवतात, यात वाद नाही.

मात्र दिसण्याचे काम ते करत नाहीत. ड्रमरची काठी वर उचलली जाते तेव्हा आवाज अजून व्हायचा असतो; खांदा वळतो, श्वास घेतला जातो, मान हलते, आणि पुढच्या ठोक्याची खबर आधी डोळ्यांना मिळते. लय थांबवून पुन्हा एकदम सुरू करायची असते, शेवटचा स्वर लांबवून एकत्र तोडायचा असतो, तेव्हा कानातल्या लय मोजणाऱ्या क्लिकपेक्षा ड्रमरच्या हातावर नजर असलेला बेसवादक जास्त भरवशाचा. याचे टोकाचे उदाहरण 15 ऑगस्ट 1965 चे आहे. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पन्नास हजारांहून अधिक श्रोत्यांच्या किंकाळ्यांत बीटल्सना स्वतःचे वाजवणे ऐकू येत नव्हते, मंचावर मॉनिटर नव्हते. अशा गोंगाटात पुढच्या तिघांच्या शरीराच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले ते ओळखावे लागे, असे त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याने नंतर सांगितले आहे. शिवाय यंत्र बंद पडते. बॅटरी संपते, बिनतारी वाहिनीत खरखर येते, आणि त्या क्षणी वीस मीटरवरच्या वादकाकडे काहीच उरत नाही.

एवढे खंडन झाल्यावर जे शिल्लक राहते ते असे: बँडचा काळ ज्याच्या हातात आहे त्याच्या हातापायाकडे नजर जाईल आणि त्याचा आवाज हवेतून न रेंगाळता पोचेल, तीच बेसवादकाची जागा. रॉक आणि फंकमध्ये काळ हाय-हॅट, स्नेअर आणि किकमध्ये असतो, म्हणून हाय-हॅटची बाजू. त्या बाजूने ड्रमरचा पॅडलवरचा उजवा पाय त्याच्या उजवीकडच्या फ्लोअर टॉमच्या आड जात नाही. हाय-हॅट वाजवताना ड्रमरचे तोंडही आपोआप तिकडे वळते. उजव्या हाताच्या बेसवादकाची गिटारमान तिथे ड्रमपासून बाहेरच्या बाजूला येते, त्यामुळे झांजेच्या स्टँडला ती अडकत नाही. बेसच्या खालच्या स्वरांनी फ्लोअर टॉमचे कातडे घुमायला लागते. हाय-हॅटच्या बाजूला ठेवलेले कॅबिनेट त्यापासून सर्वांत लांब असते. स्नेअरच्या तारा त्या बाजूला जास्त थरथरतात हा तोटा आहे, पण कॅबिनेट थोडे तिरके केले की तो बराच कमी होतो. खरी किंमत मोजतो तो वादकाचा उजवा कान. हाय-हॅटचा तीक्ष्ण आवाज त्याच्यावर तासन् तास पडतो, तेव्हा कानात बोळे हवेतच, आणि जागा झांजेच्या सरळ रेषेत नसून अर्धे पाऊल पुढे असावी.

उलट बाजूच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. फ्लोअर टॉमच्या बाजूला उभा राहिलेला उजव्या हाताचा वादक स्वतःचा डावा हात आणि ड्रमर एकाच नजरेत पाहू शकतो. हाय-हॅटच्या बाजूला त्याला मान फिरवावी लागते. हे खरे आहे. पण ज्याला दर मात्रेला फ्रेट पाहावे लागतात त्याची अडचण जागेची नसून रियाजाची आहे. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ड्रमरच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे उभा राहत असे, हाही दाखला दिला जातो. तो डावखुरा असल्यामुळे त्याची गिटारमान तिथे बाहेरच्या बाजूला येई, आणि शेजारच्या जॉर्ज हॅरिसनबरोबर एका माइकवर गाताना दोघांच्या गिटारी एकमेकींना लागत नसत. तो दाखला प्रघाताच्या आरशातल्या प्रतिमेचा आहे.

जॅझमध्ये जागा खरोखरच बदलते, आणि ती बदलण्याचे कारण मूळ नियमाला बळ देते. काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्सने ठेका बास ड्रमवरून हाय-हॅटवर नेला. पुढे केनी क्लार्कने आणि बीबॉपच्या ड्रमरांनी तो राइड झांजेवर नेला. राइड ड्रमरच्या उजव्या हाताला असते. पियानो, बेस आणि ड्रम अशा तिघांच्या रूढ मांडणीत पियानो प्रेक्षकांच्या डावीकडे, ड्रम उजवीकडे आणि डबल बेस मधे, पियानोच्या वळणाशी असतो. म्हणजे बेसवादक बरोबर राइडच्या बाजूला येतो, आणि दुसऱ्या बाजूने पियानोवादकाचे हातही त्याला जवळ पडतात. काळ सरकला तसा बेसही सरकला.

महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रात हा नियम जरा विचार करून लावावा लागतो, कारण तिथे काळ एका माणसाकडे नसतो. एका गाण्यात ऑक्टोपॅड, दुसऱ्यात ढोलक, लावणी आली की ढोलकी. ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. जे ऐकू येते ते स्पीकरमधून, आणि तो स्पीकर बेसवादकाकडे वळवलेला असेलच असे नाही. अशा ठिकाणी वाजवणाऱ्याच्या काठ्या दिसणे ड्रमपेक्षाही जास्त गरजेचे. प्रत्यक्षात बेसवाल्याला बऱ्याचदा कीबोर्डांच्या मागे, जागा उरेल तिथे ढकलले जाते. त्याला ऱ्हिदमच्या टोकाला, ऑक्टोपॅडच्या शेजारी आणि ढोलकीवाल्याचा हात दिसेल असे उभे केले तर एक पैसाही जास्त लागत नाही. गोव्यातल्या शॅकमधल्या चिमुकल्या मंचावर हा प्रश्न उरतच नाही. तिथे सगळेच एकमेकांच्या कोपरापाशी असतात.

गाणाऱ्या बेसवादकाला माइकसाठी पुढे यावेच लागते. इंडियन ओशनचा राहुल राम बेस वाजवत गातो, त्याच्यासारख्याला मागे उभे करण्यात अर्थ नाही. मोहिनी डेसारखी बेसवादक स्वतःच्या नावाने कार्यक्रम करते तेव्हाही तेच. अशा वेळी बेसवादकाला मागे खेचण्यापेक्षा ड्रम पुढे आणावेत. ड्रमचा चौथरा मागच्या पडद्याला चिकटवलाच पाहिजे असा कुठला कायदा नाही.

आयोजकांना पाठवायच्या मंचाच्या आराखड्यावर बेसची जागा ड्रमनंतर लगेच आखावी, गिटार आणि कीबोर्ड त्यानंतर. ड्रमर डावखुरा असेल तर तेही आराखड्यावर ठळक लिहावे, कारण त्याच्या हाय-हॅटबरोबर बेसचे कॅबिनेट, त्याचा वीजपुरवठा आणि मॉनिटर हे सगळे मंचाच्या दुसऱ्या बाजूला जाते.