एक नियम, पाच ठिकाणी

गेल्या वर्षी वसतिगृहाच्या मेसचा हिशेब संगणकावर आणण्याची हौस आम्हां तिघांना आली. पायथनमध्ये पाच छोटे प्रोग्रॅम लिहिले : मासिक बिल, पावती, अनामतीचा परतावा, ताळेबंद आणि थकबाकीची यादी. गैरहजेरीची सूट मोजण्याच्या दहा-बारा ओळी मी पाचही ठिकाणी जशाच्या तशा चिकटवल्या. काम झटपट झाले म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

पुढे मेस समितीने नियम बदलला. सलग पाच दिवसांऐवजी तीन दिवस गावी गेले तरी सूट मिळू लागली. मी चार फायली दुरुस्त केल्या. पाचवी, थकबाकीची, विसरलो. फलकावर यादी लागली आणि तीत प्रथम वर्षाच्या एका मुलाचे नाव आले. सुगीसाठी तो चार दिवस घरी गेला होता; सूट वजा करून आलेले बिल त्याने वेळेवर भरले होते. तरीही बिचाऱ्याने लाजेखातर उसने पैसे घेऊन ती 'बाकी' भरून टाकली. चूक कळल्यावर आम्ही पैसे परत केले, क्षमाही मागितली. पण दोन दिवस सर्वांनी वाचलेले नाव कसे पुसणार?

म्हणून मला वाटते, प्रोग्रॅम नीटनेटका ठेवणे ही नुसती हौस नव्हे, ती जबाबदारी आहे. नियम एक, तर तो लिहिण्याची जागाही एकच हवी. आता 'सूट' ही वेगळी फाईल आहे आणि पाचही प्रोग्रॅम ती इम्पोर्ट करतात.

ही कल्पना काही नवी नाही. केंब्रिजचे एडसॅक यंत्र १९४९ साली सुरू झाले. नेहमी लागणारे उपप्रोग्रॅम तिथली मंडळी भोके पाडलेल्या कागदी फितींवर वेगळे जपून ठेवीत आणि हवे तेव्हा वापरीत. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांचे त्यावरचे पुस्तक १९५१ मध्ये आले.

काही मित्र विचारतात, "शंभर ओळींच्या कामाला दहा फायली कशाला?" आक्षेप रास्त आहे. दिसेल ते तोडत सुटणे ही व्यवस्था नव्हे. आणि उरलेसुरले सगळे 'इतर' नावाच्या फायलीत कोंबणे म्हणजे तर घरातली अडगळीची खोलीच! डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या एका लेखात चांगली कसोटी सांगितली आहे : कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नयेत, जो निर्णय उद्या बदलण्याचा संभव आहे, तो एका तुकड्यात झाकून ठेवावा. आमच्या मेसमध्ये तो निर्णय सुटीचा नव्हे, सुटेचा होता!

एक सावधगिरी मात्र हवी. फाईल इम्पोर्ट करताच तिच्यातल्या फंक्शनबाहेरच्या ओळीही चालतात. आम्ही सूट मोजायला गेलो आणि चाचणीसाठी लिहिलेली खोटी बिलेच छापून आली. तेव्हा सामाईक फायलीत फंक्शनेच ठेवावीत.

पुढच्या वर्षी आम्ही येथे नसू. हा हिशेब कदाचित एखाद्या कन्नड भाषिक मित्राच्या हाती जाईल. नियम कोठे लिहिला आहे, हे त्याला आम्हांला न विचारता सापडावे आणि पुन्हा कोणाचे नाव विनाकारण फलकावर लागू नये, एवढीच इच्छा.