दांतांच्या तारा आणि आपलें ताट

'दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत' ही म्हण आमच्या प्रत्येक वाचकानें ऐकली असेल. हल्लीं शाळाशाळांतून या म्हणीचा एक तिसराच प्रकार पाहावयास मिळतो. दांत आहेत, डब्यांत चणेही आहेत, आणि तरीही ते खातां येत नाहींत. कारण दांतांवर तारा बसविलेल्या आहेत. वांकडे किंवा एकमेकांवर चढलेले दांत सरळ करण्याचा हा उपचार वरच्या वर्गांतील बऱ्याच मुलामुलींच्या वांट्यास येतो, व तो साधारणतः दीड ते दोन वर्षें चालतो. एवढ्या काळांत काय खावें हा प्रश्न घरोघरीं निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा एका यादीनें दिलें जातें: हें खाऊं नकोस, तें खाऊं नकोस. आमच्या मतें अशी यादी हवी खरी. परंतु तेवढ्यानें काम भागत नाहीं, आणि ती धाकाच्या स्वरांत वाचून दाखविल्यास हिताऐवजीं अहितच होण्याचा संभव असतो. असें आम्हांस कां वाटतें तें येथें सांगावयाचें आहे.

या तारांचें काम कसें चालतें हें ठाऊक असल्यावांचून त्यांची काळजी कशी घ्यावी हें समजणार नाहीं. दांत जबड्याच्या हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचें मूळ आणि हाड यांच्यामध्यें तंतूंचें एक पातळ अस्तर असतें. तारेचा सौम्य पण सतत दाब पडूं लागला म्हणजे दाबाच्या बाजूचें हाड हळूहळू विरघळतें, विरुद्ध बाजूस नवें हाड भरून येतें, आणि दांत आपली जागा सोडून सरकतो. तार जींत अडकविलेली असते त्या प्रत्येक दांतावरील लहानशा चौकटीस ब्रॅकेट म्हणतात. अमेरिकेंतील दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनीं १९२८ सालीं चौकोनी खांचेच्या ब्रॅकेटाची रचना प्रसिद्ध केली, आणि आजचीं बहुतेक ब्रॅकेटें तिचींच वंशज होत. पूर्वीं प्रत्येक दांतास धातूचें कडें घालून त्यावर ब्रॅकेट बसवीत. पुढें १९५५ सालीं मायकेल ब्यूनोकोर यांनीं असें दाखविलें कीं, दांताचा वरचा थर फॉस्फोरिक आम्लानें किंचित् खरबरीत केला असतां त्यावर कृत्रिम राळ घट्ट चिकटते. या शोधामुळें कालांतरानें ब्रॅकेट दांतावर नुसतें चिकटवितां येऊं लागलें. आमच्या विषयाशीं संबंध येतो तो येथेंच. उपचार संपल्यावर दांतास इजा न होतां ब्रॅकेट काढतां आलें पाहिजे, म्हणून ही पकड बेताचीच असते. रोजच्या जेवणास ती पुरते. उंसाचें कांडें दांतांनीं सोलतांना किंवा सुपारी फोडतांना जो जोर लागतो त्यास ती पुरत नाहीं. ब्रॅकेट सुटलें म्हणजे त्या दांतावरील तारेचा ताबा सुटतो, आणि तें पुनः बसवीपर्यंत उपचार रेंगाळतो.

हा झाला पहिला धोका. तो डोळ्यांस दिसतो, म्हणून सर्वांच्या ध्यानांत राहतो. दुसरा धोका मुकाट्यानें येतो, आणि आमच्या मतें तोच अधिक मोठा आहे. रॉबर्ट स्टेफन या अमेरिकन संशोधकानें १९४० नंतरच्या वर्षांत असें दाखवून दिलें कीं, तोंडांत साखर गेली म्हणजे कांहीं मिनिटांतच दांतांवरील जंतूंच्या थरांत आम्ल तयार होतें, आणि तें ओसरण्यास सुमारें अर्ध्यापासून एक तासापर्यंत वेळ लागतो. ज्याच्या तोंडांत तारा आहेत त्याच्या ब्रॅकेटांभोंवतीं अन्न अडकून राहतें, आणि तेथें ब्रशही सहज पोंचत नाहीं. अशा स्थितींत महिन्याभरांतसुद्धां दांतांवर पांढरे डाग उमटूं लागतात. दोन वर्षांनीं तारा निघतात, दांत ओळींत उभे राहिलेले दिसतात, आणि प्रत्येक दांतावर ब्रॅकेटाच्या आकाराची पांढरी चौकट उरते. आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन केलेल्या खर्चाचें हें फळ कोणास आवडेल?

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'मऊ तें चांगलें, कडक तें वाईट' हा घरोघरीं चालणारा नियम अर्धाच खरा आहे. मुलाचे दांत दुखतात म्हणून माउली त्यास चहांत भिजविलेलीं बिस्किटें, जॅम लावलेला पाव, आइस्क्रीम, बाटलींतलें गोड पेय असे पदार्थ मोठ्या मायेनें देते. हे सर्व मऊ किंवा पातळ खरे, त्यांच्यानें ब्रॅकेट तुटणार नाहीं हेंही खरें. परंतु दिवसांतून पांचसहा वेळां थोडेंथोडें गोड तोंडांत जात राहिलें म्हणजे आम्ल ओसरावयास फुरसतच मिळत नाहीं. त्यापेक्षां जेवणाबरोबर एक बेसनाचा लाडू खावा, आणि मग दांत नीट घांसावे, हें पुष्कळ बरें. शिवाय वाढीच्या वयांत चहा-बिस्किटांवर दिवस काढणारें मूल अशक्त होतें तें निराळेंच.

मग खावें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं लांब जावयास नको. ज्या घरांत बोळक्या तोंडाची आजी आहे, त्या घरच्या स्वयंपाकघरास ही विद्या पूर्वींपासून अवगत आहे. भाकरीचे कडक कांठ काढून ती आमटींत किंवा दुधांत कुस्करावी. दाण्यांऐवजीं दाण्याचें कूट घालावें, बदामाची पूड करावी. गाजर किसून त्याची कोशिंबीर करावी. सफरचंद व पेरू पुढच्या दांतांनीं तोडूं नयेत. त्यांच्या पातळ फोडी करून मागच्या दांतांनीं चावाव्या, आणि पेरूच्या बिया काढून टाकाव्या. मक्याचें कणीस तोंडास लावूं नये. दाणे सोडवून उकडून खाल्ले असतां हरकत नाहीं. मटण खावयाचें तर तें चांगलें शिजलेलें व हाडावरून सोडविलेलें असावें. मासे कांटे काढून खावे. वरण, मऊ उसळ, दहीं, ताक, अंडीं आणि शिजविलेल्या पालेभाज्या यांच्या वाटेस तर तारा मुळींच जात नाहींत. उपवासाच्या दिवशीं खिचडींत आख्खे दाणे न घालतां कूट घातलें कीं झालें.

तारा घट्ट करून आल्यावर कांहीं तासांनीं दांत दुखूं लागतात, दुसऱ्या दिवशीं दुखणें सर्वांत जास्त असतें, आणि मग कांहीं दिवसांत तें उतरतें. तेवढ्यापुरता मेतकूट-भात, मुगाची सैल खिचडी, नाचणीची आंबील, पिकलेलें केळें यांवर निर्वाह करावा, आणि दुखणें थांबतांच नेहमींच्या जेवणाकडे वळावें. हळदीविषयीं एक शंका पुष्कळदां निघते. ब्रॅकेटांवरील पारदर्शक रबरी कड्या हळदीनें पिवळ्या पडतात खऱ्या; पण त्यांत अपाय कांहीं नाहीं, आणि त्या वेळोवेळीं बदलतातच. त्यासाठीं वरण-भाजी टाकणें हा शुद्ध वेडेपणा होय. दंतवैद्यांस सांगून गडद रंगाच्या कड्या घालून घ्याव्या म्हणजे झालें.

सणावारांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. संक्रांतीच्या दिवशीं कडक वडी आणि चिक्की यांस दुरून नमस्कार करावा. मऊ तिळगूळ हातानें लहान तुकडे करून खावा व नंतर दांत स्वच्छ घांसावे. दिवाळींत कुरकुरीत चकली व कडबोळीं यांचा मोह आवरावा लागतो. पण लाडवांस किंवा करंजींतल्या सारणास बंदी नाहीं. नाताळांतील मऊ केकाची गोष्टही तीच: जेवणाबरोबर, एकदां, आणि मग ब्रश. सणाच्या पंक्तींतून मुलास उठवून वेगळें बसवावें असें या उपचारांत कांहींएक नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ही निवड करावयाची कोणीं? आमचें स्पष्ट मत असें कीं, ती मुलानें स्वतः करावी, आणि वडील मंडळींनीं त्यास कारणें समजावून द्यावीं. 'एवढ्या लहान वयांत मुलांस काय कळतें? मोकळीक दिली तर तीं चिक्कीच खातील,' असा आक्षेप कोणी घेतील. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मधल्या सुटींत मित्र चिक्कीचा तुकडा पुढें करतो तेव्हां तेथें आई नसते, वडील नसतात, आणि भिंतीवरची यादीही नसते. आपण मुलास निवडीचा अधिकार देवो वा न देवो, त्या घटकेस निवड तेंच करतें. मग तें समजून-उमजून करील अशी तजवीज करणें शहाणपणाचें नव्हे काय?

धाकाचा आणखी एक परिणाम आमच्या पाहण्यांत वारंवार येतो. ब्रॅकेट निसटलें, कीं 'काय खाल्लेंस? पैसे झाडाला लागतात काय?' अशी सरबत्ती सुरू होते. पुढच्या खेपेस तेंच मूल शहाणें होतें, म्हणजे लपवूं लागतें. सुटलेलें ब्रॅकेट तारेवर लोंबत राहतें, तारेचें टोंक गालास टोंचतें, आणि तें सर्व सोशीत मूल पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट पाहतें. एका चिक्कीनें झालेलें नुकसान दोनचार दिवसांत भरून निघालें असतें. भीतीनें झालेल्या नुकसानींत महिना जातो. यास्तव पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें येऊन खरें सांगितलें तर प्रथम त्यास शाबासकी द्यावी, दंतवैद्यांस ताबडतोब कळवावें, आणि काय चुकलें याची चौकशी मागाहून शांतपणें करावी.

विद्यार्थि-बंधुभगिनींनो, तुमच्याकडेही आमचें मागणें आहे. कोणताही पदार्थ हातीं घेतांना मनाशीं तीनच प्रश्न विचारा. हा फोडावयास जोर लागेल काय? हा चिकटून राहील काय? आज गोड खाण्याची ही कितवी खेप? एवढ्यांचीं उत्तरें देतां आलीं म्हणजे लांबलचक यादीची जरूर पडणार नाहीं. पेनाचें टोपण व नखें चावण्याची संवय असेल तर तीही सोडा. ब्रॅकेट तोडण्यास तीं सुपारीइतकींच समर्थ आहेत. आणि ज्यांच्या दांतांवर तारा नाहींत त्यांनीं तारा असलेल्या सोबत्याची थट्टा करूं नये, किंवा 'एक खाल्लीस तर काय होतें?' असा आग्रहही करूं नये. त्यापेक्षां आपल्या डब्यांतला मऊ घांस त्याच्यापुढें करावा, आणि सुटी संपण्यापूर्वीं तो चूळ भरावयास नळावर जाईल तेव्हां त्यास वाट करून द्यावी.