मरणोत्तर गौरव

गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याने दोनदा पाहिली. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा निघाली ती दुसरी. पहिली ते हयात असतानाच निघाली होती. विधवांचे केशवपन बंद व्हावे, मुलींना शिक्षण मिळावे, असे लिहिणाऱ्या या प्राध्यापकाची प्रतिमा तिरडीवर बांधून सनातन्यांनी ती मिरवली. पुढे वयाच्या ३९ व्या वर्षी आगरकर गेले, तेव्हा अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. आपल्या समाजाची इतकी अचूक पारख क्वचितच कुणी केली असेल!

त्या सनातन्यांचा द्वेष निदान उघड होता. आम्ही सुशिक्षित मंडळी जिवंत माणसाची तिरडी बांधत नाही. तो जाईपर्यंत त्याच्याकडे फिरकत नाही, इतकेच. तो गेला की मात्र मेल्या म्हशीला मणभर दूध! मग शोकसभा भरते, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण होते आणि आठवडाभरात त्या पोकळीत बसण्यासाठी चार उमेदवार पुढे सरसावतात. वक्ते दिवंगताविषयी बोलू लागतात आणि दोन वाक्यांत स्वतःवर येतात. स्मशानात चिता पेटण्यापूर्वी जागेचे भाव निघतात.

हे हसणे-बोलणे आम्हांला फारसे खुपत नाही. मरणाच्या धास्तीवर माणसाने काढलेला तो एक उतारा आहे. खुपते ते खोटेपण. जिवंत आगरकर आचरण मागत होते; दिवंगत आगरकरांना हार पुरतो. मृतांची स्तुती आपल्याला प्रिय आहे, ती याच स्वस्ताईमुळे.

मृत्यूनंतरचा प्रत्येक चांगला शब्द ढोंगी असतो, असे मात्र नव्हे. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले आणि नंतर वर्षानुवर्षे जाहीर भांडण केले. त्याच टिळकांनी ‘केसरी’त आगरकरांवर मृत्युलेख लिहिला. जे बोलायचे ते त्यांनी समोरासमोर बोलून घेतले होते, म्हणून त्या शोकाला वजन होते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शोकसभेत ठराव मांडण्यापूर्वी, या माणसासाठी तो असताना आपण काय केले, ते अध्यक्षांनी उपस्थितांना विचारावे. त्यानंतर पसरेल ती स्तब्धता दोन मिनिटांहून मोठी असेल. पण ती खरी असेल.