चित्रफितीचा रोजमेळ

आपल्या समाजातील पेढ्यांमध्ये आता एक नवा खर्च रूढ झाला आहे. पेढीचा सुवर्ण अथवा अमृतमहोत्सव, घरातील वर्षीतपाचे पारणे, मंदिराची प्रतिष्ठा, विवाह, अशा प्रत्येक प्रसंगी व्यावसायिक चित्रफीत तयार करवून घेतली जाते. खर्च लहान नसतो. तरीही बिलटीवाचून माल न उचलणारा आणि पोते उघडून पाहिल्यावाचून रक्कम न चुकविणारा आपला व्यापारी या एका व्यवहारात फोनवर दर ठरवितो, अर्धी रक्कम आगाऊ पाठवितो आणि निश्चिंत होतो. बँकेच्या सेवेत प्रकल्पकर्जाचे कागद तपासण्यात उमेद गेलेल्या माणसाला हे फार विसंगत वाटते. चित्रफीत हाही एक प्रकल्पच आहे. त्याला आराखडा, टप्पे, हप्ते आणि ताबा या चारही गोष्टी लागतात. समजा, पेढीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि आपण चित्रफितीचे काम देणार आहोत.

पहिले काम कॅमेऱ्याचे नसून कागदाचे आहे. ही चित्रफीत कोण पाहणार, हे एका वाक्यात लिहून काढावे. मेळाव्याच्या पडद्यावर दाखविण्याची दहा मिनिटांची फीत आणि ग्राहकांच्या मोबाइलवर धाडण्याची एका मिनिटाची फीत ही दोन निराळी कामे आहेत. पडद्यासाठी आडवी चौकट लागते, मोबाइलसाठी उभी. आडव्या चित्रीकरणातून उभी चौकट मागाहून कापली, तर काकांचा अर्धा चेहरा बाहेर राहतो. म्हणून ही गरज चित्रीकरणापूर्वीच सांगावी. दुसरे असे की, कुटुंबातर्फे निर्णय देणारी व्यक्ती एकच असावी. पाच भावांच्या पाच सूचना संकलकाकडे स्वतंत्रपणे जाऊ लागल्या की काम महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि त्याचा दोष स्टुडिओवर टाकता येत नाही.

काम देण्यापूर्वी त्या मंडळींचे आधीचे काम पाहावे. भांडवल देणाऱ्याने नमुना मागणे यात अविश्वास नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी भांडवल उभारण्यासाठी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी चित्रफीत तयार केली होती. कुंडीतील रोपाची थोड्या थोड्या अवधीने चित्रे घेऊन ती जोडलेली ती फीत पाहिल्यावर पैसा मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. लंडनच्या प्रवासासाठी त्यांनी आपली विमापत्रे तारण ठेवली होती, ही गोष्ट कर्जखात्यात काम केलेल्या माणसाच्या ध्यानात राहते.

दरपत्रक एका आकड्याचे नसावे. चित्रीकरणाचे दिवस किती, कॅमेरे व माणसे किती, प्रवास व निवास कोणाकडे, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या त्याच दरात, संगीताचा परवाना कोण घेणार, मजकुराचे भाषांतर हवे असल्यास त्याचे काय, या प्रत्येकापुढे स्वतंत्र रक्कम असावी. बांधकामाच्या कर्जात पाया, जोते, छत असे काम जसे वर येते तसा हप्ता सुटतो. येथेही तसेच करावे. माझ्या मते, संहिता व वेळापत्रक मान्य झाल्यावर एक हप्ता, चित्रीकरण संपल्यावर दुसरा, कच्चे संकलन पाहिल्यावर तिसरा आणि सर्व साहित्य हाती आल्यावर शेवटचा. शेवटचा हप्ता इतका लहान नसावा की समोरच्याला त्याची पर्वा उरू नये.

वेळापत्रक आखताना आपल्या घरातील गोष्टी त्या मंडळींना आपणच सांगावयास हव्यात. पर्युषणात घरातील कोणी मोकळे नसते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणारे घर असेल, तर संध्याकाळचे चित्रीकरण त्याप्रमाणे बसवावे. मंदिरात चामड्याचे पट्टे व पिशव्या नेऊ नयेत, गाभाऱ्याचे चित्रण करावयाचे की नाही हे विश्वस्तांना आधी विचारावे. अनेक साधू-साध्वी विद्युत उपकरणांपासून दूर राहतात, त्यांच्यासमोर दिवे व ध्वनिक्षेपक उभे करून मग क्षमा मागणे हे शोभत नाही. ड्रोन उडवावयाचा असेल, तर जागेला परवानगी लागते काय ते पाहावे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडविणाऱ्याकडे वैमानिकाचे प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे.

वडीलधाऱ्यांच्या मुलाखती सर्वांत आधी ठेवाव्यात, दुकानाची दर्शनी पाटी आणि नवे गोदाम मागाहूनही टिपता येते. मुलाखत सकाळी, त्यांच्या नित्याच्या गादीवर घ्यावी. त्यांना पाठ करावयास मजकूर देऊ नये. जुना तराजू किंवा पहिल्या वर्षाची वही हातात द्यावी आणि थांबावे. त्या काळी उधारी कोणी बुडविली, कोणी दहा वर्षांनी येऊन फेडली, दुष्काळात कोणाला धान्य दिले आणि ते वहीत का लिहिले नाही, हे सर्व तेव्हा बाहेर येते. या वेळी पंखा व फ्रिज बंद असावेत. चित्र थोडे अंधारे असले तरी चालून जाते, परंतु न ऐकू येणारे शब्द संकलक परत आणू शकत नाही. छातीवर लावण्याचा छोटा मायक्रोफोन आणला आहे ना, एवढे विचारले तरी पुरे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेऱ्याची मांडणी तिला जुळलेली नसेल, तर दुकानातील जुन्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचे चित्र तेथेच पाहून घ्यावे.

चित्रीकरणाच्या दिवसांविषयी अधिक सांगण्यासारखे नाही, जाणती मंडळी ते करतातच. मात्र रात्रीचा एक नियम आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने नोंद होत असेल, तर एका तासाचे चित्रण ४५ गीगाबाइट भरते. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, तर ५४० गीगाबाइट होतात. ही सर्व नोंद दोन निरनिराळ्या डिस्कवर उतरून तपासल्याखेरीज मेमरी कार्ड पुसू नये, ही अट करारात असावी.

कच्चे संकलन पाहताना रंग व संगीताकडे लक्ष देऊ नये, ते अजून झालेलेच नसते. त्या वेळी पाहावयाचे ते वस्तुस्थितीकडे. पेढी स्थापन झाल्याचे साल, नावांचे शुद्धलेखन, चुलत आणि आते यांतील घोटाळा, कोणाच्या योगदानाचा उल्लेख राहून गेला काय, हे सर्व मिनिट व सेकंद नमूद करून एकाच कागदावर लेखी द्यावे. चित्रांचा क्रम कायम झाल्यानंतर केलेला बदल ध्वनी, रंग आणि अक्षरे या तिन्ही ठिकाणी पुन्हा काम काढतो, आणि त्याचे बिल न्याय्यच असते.

संगीताविषयी आपल्यात मोठा गैरसमज आहे. धार्मिक विधीत किंवा वरातीत गाणे वाजविण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तेच गाणे चित्रफितीला जोडून इंटरनेटवर ठेवणे ही निराळी गोष्ट, तेथे ती सूट लागू पडत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या स्तवनाचे शब्द सर्वांचे असले, तरी आजच्या गायकाच्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतात. घरातील सुनेचा किंवा नातीचा गळा चांगला असेल, तर तिच्याकडूनच म्हणवून घ्यावे.

आता ताब्याचा प्रश्न. मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून तयार करविलेल्या चित्रफितीचा प्रथम हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, काम देणाराच असतो. पण अनेक स्टुडिओंच्या छापील अर्जात हा विरुद्ध करार बारीक अक्षरांत असतो, तो सही करण्यापूर्वी वाचावा. आणि संकलनात न घेतलेले कच्चे चित्रण कोणाकडे व किती काळ राहील, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

माझ्या परिचयातील एका कापडव्यापारी कुटुंबाने आजींची दोन तासांची मुलाखत घेतली होती. फाळणीनंतरच्या टंचाईत नियंत्रित दराच्या कापडाचे वाटप दुकानातून कसे होई, सासऱ्यांनी दुकानाची पहिली वही कोणत्या मजकुराने सुरू केली, माहेरचे गाव, बारा महिन्यांचा हिशेब मनात ठेवण्याची त्यांची रीत, सर्व त्यात होते. अंतिम चित्रफितीत त्यातील तीन मिनिटे आली आणि ती उत्तम होती. पुढच्या वर्षी आजी गेल्या. शोकसभेसाठी मुलांनी मूळ मुलाखत मागितली, तेव्हा जागा रिकामी करण्यासाठी ती पुसून टाकली असल्याचे त्यांना कळले. स्टुडिओने कोणताही करार मोडला नव्हता, कारण त्याविषयी करारच नव्हता. त्या घरी आज तीन मिनिटे आहेत.

आपण ताळेबंद छापतो, भागीदारांना वाटतो, परंतु रोजमेळ जाळत नाही. अंतिम चित्रफीत हा ताळेबंद आहे. कच्चे चित्रण हा रोजमेळ. म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हाती घ्यावयाच्या वस्तूंची यादी अशी असावी: पूर्ण दर्जाची अंतिम प्रत, अक्षरे नसलेली प्रत, निवेदन व मुलाखतींचा लिखित मजकूर, आणि दिवसवार नावे दिलेले संपूर्ण कच्चे चित्रण. हे सर्व दोन डिस्कवर घ्यावे. एक डिस्क पेढीच्या तिजोरीत, दुसरी दुसऱ्या गावातील लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी. नुसत्या ठेवून दिलेल्या डिस्कही कालांतराने बिघडतात, तेव्हा दरवर्षी दिवाळीला वहीपूजन झाले की दोन्ही घरी डिस्क संगणकाला जोडून आजोबांचा आवाज ऐकू येतो की नाही, एवढे पाहून घ्यावे, आणि पाच-सहा वर्षांनी सर्व साहित्य नव्या डिस्कवर उतरवावे.