कमळपक्ष्याची नोंद कोणत्या दफ्तरात?

पावसाळ्याच्या आरंभी भंडारा-गोंदियाकडील तलावांवर कमळाची व शिंगाड्याची पाने पसरू लागली की त्यांवरून निःशंक डौलाने कमळपक्षी फिरू लागतो. शुभ्र मस्तक, मानेमागे सोनेरी पट्टा, गर्द तपकिरी देह आणि विळ्यासारखी वक्र, लांब काळी शेपटी हे त्याचे वैभव केवळ विणीच्या काळापुरते असते. हिवाळ्यात शेपटी गळते आणि फिकट वेषातला तोच पक्षी नवख्याला ओळखूही येत नाही.

अतिदीर्घ बोटांमुळे त्याचा भार विभागला जातो व पान बुडत नाही, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याहून विलक्षण आहे ती त्याची गृहव्यवस्था. मादी आकाराने मोठी. एकाच हंगामात ती अनेक नरांशी संसार मांडते, प्रत्येकाच्या स्वाधीन सामान्यतः चार अंडी करते आणि आपण मोकळी होते. सुमारे २६ दिवस ती अंडी उबवणे, पुढे पिलांचे रक्षण करणे आणि पाणी चढले तर चोच व छाती यांच्यामध्ये धरून अंडी दुसऱ्या पानांवर नेणे, ही सर्व कामे नराची. पतिव्रतामाहात्म्याची कीर्तने ऐकत आलेल्या गावांच्या वेशीवर ही रीत बिनबोभाट चालू आहे, याची गंमत वाटते.

मात्र अंडी हलवायची तर दुसरी पाने हवीत, आणि नेमकी तीच नाहीशी होत आहेत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांची देखभाल पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनमालकांकडे, होती व गावकऱ्यांच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या गावदफ्तरात नोंदल्या जात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द होऊन तलाव सरकारजमा झाले, तेव्हा पाण्याचा हिशेब नव्या दफ्तरात गेला, पण पाण्यातल्या वनस्पतींचा कोठेच गेला नाही. आजही तलावाचे पुनरुज्जीवन म्हणजे साठवणक्षमता वाढवणे, एवढाच अर्थ घेतला जातो. पोकलेन लावून काठ उभे खोदले की पाणी वाढते हे खरे. पण कमळ, देवधान व पाणगवत ज्या उथळ पट्ट्यात वाढतात, तोच जातो, आणि उरलेल्या काठावर बेशरम नावाचे झुडूप माजते.

गाळ काढू नये, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. भाताला पाणी लागते व मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मासळी लागते. परंतु मासळीलाही अंडी घालण्यास हाच उथळ, पाणवनस्पतींनी भरलेला पट्टा हवा असतो, हे ढिवर अभियंत्यांपेक्षा अधिक जाणतात. याच जिल्ह्यांतील काही गावी त्यांनी, विशेषतः त्यांच्यातील स्त्रियांनी, बेशरम उपटून, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत आणि तेथे मासे व पक्षी परतले आहेत.

तेव्हा पुढील खोदकामाच्या अंदाजपत्रकास मंजुरी देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी त्या गावच्या ढिवरांना तलावाच्या पाळीवर बोलवावे, राखायचा उथळ काठ त्यांच्याकडून नकाशावर आखून घ्यावा आणि त्या रेषेपलीकडे यंत्र जाणार नाही, अशी अट ठेकेदाराच्या करारनाम्यात घालावी.