शेक घेणाऱ्या काकूंजवळ बसा

आपल्या अमडापुरातल्या एक काकू अकोल्याला कॅन्सरचे शेक घेतात. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार घरी. नाव लिहीत नाही, कुणी शोधूही नका.

काल भेटायला गेलो. काकूंचं ताट-गिलास वेगळं. नातवाला जवळ जाऊ देत नाहीत. शेजारणी ओट्याखालूनच विचारपूस करून जातात. एकाला विचारलं तर म्हणतो, "भाऊ, त्यायच्या आंगातून किरणं निंगतात म्हणे. आन् रेडिएशननं कॅन्सर होते, हे तुमीच तं पेपरात लिवलं होतं!"

बोलणंच खुंटलं. खरंच लिहिलं होतं. काही वर्षांपूर्वी मोबाईल टॉवरची बातमी, मथळ्यात 'कॅन्सर' आणि पुढे प्रश्नचिन्ह. एकाही डॉक्टरला फोन केला नव्हता.

म्हणून आज सरळ लिहितो. मशीनमधून बाहेरून दिलेला शेक मशीन बंद झाली की संपतो. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगात जसं काही उरत नाही, तसंच हे. थायरॉईडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन देतात, तेव्हा काही दिवस अंतर ठेवावं लागतं, पण ते डॉक्टर स्वतःच बजावून सांगतात. टॉवरच्या लहरी तर वेगळ्याच. एक्स-रेसारखी डीएनए तोडायची ताकद त्यांच्यात नसते.

घाबरणं हा गुन्हा नाही. पण घाबरतो आपण आणि भोगतो दुसराच. आपल्या जिल्ह्यानं हे पाहिलंय. डिसेंबर २०२४ - जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस गळाले. आम्ही माध्यमांनी लगेच 'टक्कल व्हायरस' नाव ठेवलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांच्या तपासणीत बोट गव्हातल्या सेलेनियमकडे गेलं. तोवर त्या गावांच्या सोयरिकी अडल्या होत्या.

जपानही शिकलेला देश. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर दुसऱ्या शहरात गेलेल्या लेकरांना तिथल्या शाळेत 'जंतू' म्हणून छळलं गेलं. त्या लेकरांचा काय दोष?

प्रश्न जरूर विचारा. एक्स-रे सेंटरवाल्याला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना दाखव म्हणा. बाई गरोदर असेल तर आधी सांगा. ही सावधगिरी. आजारी माणसाचं ताट वेगळं करणं म्हणजे सावधगिरी नव्हे.

काकूंचे अजून नऊ शेक बाकी आहेत. काल म्हणाल्या, "सोमवारी नाही जात बाप्पा. लेकरू जवळ येत नाही, तं जगून काय करू?"

कॅन्सरसमोर त्या खचल्या नाहीत, आपल्यासमोर खचल्या. त्यात माझ्या त्या मथळ्याचाही वाटा आहे. उद्या सकाळी परत जातोय, त्यांच्या खाटेवर बसून चहा प्यायला आणि नातवाला त्यांच्याजवळ बसवायला.

तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल. जाऊन या.